पहिल्या क्रूझला बोट लागली, आता दुसरं जहाज कसं निवडावं?

कमाटीबाग (धागालेखिका)

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात क्रूझ ठरवतो आहोत, बडोद्याहून निघणार. माणसं चार: आम्ही दोघं, अकरावीतला मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई.

आधीच्या सफरीची माहिती देते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल. ग्रीसची बेटं, ऑगस्ट महिना, जहाज साधारण १८० मीटर लांब. केबिन अगदी पुढच्या टोकाला, वरच्या डेकवर. अथेन्सच्या पिरियस बंदरातून दक्षिणेकडे जाताना काहीच त्रास नाही. सँटोरिनीहून परतीच्या रात्री चौघांपैकी तिघांना बोट लागली.

एजंट म्हणतो, "या वेळी मोठं जहाज घ्या, प्रश्न मिटला." एवढं पुरतं का? सध्या तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत: मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, सिंगापूरहून पेनांग-फुकेत, किंवा दुबई-दोहा.

खारेवारे

ताई, जाताना ठीक आणि येताना त्रास, हीच खरी खूण आहे. जहाज तेच, केबिन तीच, फरक फक्त दिशेचा.

एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. आभाळ निरभ्र असतं, वारा मात्र दिवसचे दिवस पडत नाही. दक्षिणेला जाताना तो तुमच्या पाठीशी होता, परतताना तोंडावर.

याचा हिशेब घरी करता येतो. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये हवी असेल तर दोन लाटांमधल्या सेकंदांचा वर्ग करायचा आणि १.५६ ने गुणायचं. ८ सेकंदांची लाट धरली तर लांबी १०० मीटर, आणि ती सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने धावते. जहाज १८ नॉटने चाललं असेल तर तो वेग सेकंदाला सव्वानऊ मीटर. दोघं समोरासमोर आले की दर साडेचार सेकंदांनी एक लाट नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर आदळते. तीच लाट मागून आली तर जहाजाला गाठायला तिला तीस सेकंदांहून जास्त लागतात.

माणसाचं पोट सगळ्यात जास्त ढवळतं ते साधारण पाच-सहा सेकंदांना एकदा खालीवर झाल्यावर. कंपनांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ २६३१) त्यात मळमळीसाठी ०.१ ते ०.५ हर्ट्झ, म्हणजे २ ते १० सेकंदांचा पट्टा धरला आहे. परतीच्या रात्री तुम्ही बरोबर त्या पट्ट्यात सापडलात. जातानाच्या तीस सेकंदांच्या झुल्याला शरीर फारशी दाद देत नाही.

म्हणून माझा क्रम असा: आधी महिना आणि मार्ग, मग केबिन, आणि जहाज त्यानंतर. एजंट लोक हा क्रम नेमका उलटा लावतात, कारण त्यांच्याकडे विकायला जहाज असतं.

डेक_आठ

खारेवारेंशी सहमत, पण केबिनला मी पहिल्या नंबरावर ठेवेन. महिना बदलायला शाळा-ऑफिसच्या सुट्ट्या आड येतात. केबिन बदलणं आपल्या हातात असतं.

जहाज पुढून-मागून सी-सॉसारखं हलतं तेव्हा मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. एसटीत मागच्या चाकाच्याही मागे असलेल्या सीटवर बसलं की स्पीडब्रेकरला माणूस उडतो, मधल्या सीटवरच्याला नुसता हिसका जाणवतो, तसंच. आकड्यांत सांगायचं तर १८० मीटरच्या जहाजात पुढच्या टोकाची केबिन मध्यापासून ७५ मीटरवर येते. जहाज फक्त १ अंश वर-खाली झालं तरी ती केबिन १.३ मीटर वर आणि १.३ मीटर खाली जाते. एकूण अडीच मीटरांहून जास्त, आणि तेही दर साडेचार सेकंदांनी. मध्यापासून १५ मीटरवरच्या केबिनमध्ये तोच १ अंश म्हणजे वर-खाली मिळून जेमतेम अर्धा मीटर.

आता ३३५ मीटरचं मोठं जहाज घेतलंत आणि केबिन पुन्हा टोकाची मिळाली, तर मध्यापासूनचं अंतर १५० मीटर होतं. मोठं जहाज कमी कोनात हलतं हे खरं, पण जेवढं हलेल तेवढं टोकाला दुप्पट जाणवेल. मोठ्या जहाजाचे पैसे मोजून फायदा टोकाच्या केबिनमध्ये घालवू नका.

डेक प्लॅन असा वाचा. जहाजाच्या वेबसाइटवरून प्रत्येक डेकचा नकाशा उतरवून घ्या. लिफ्टचे गट बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन असतात. जहाजाच्या लांबीचे तीन समान भाग करा आणि मधल्या तिसऱ्या भागातली केबिन मागा. साधी केबिन तीन मीटरांच्या आत-बाहेर रुंद असते, त्यामुळे ३३५ मीटरच्या जहाजात या मधल्या भागात एका बाजूला तीस-पस्तीस दारं तरी येतात. म्हणजे "मिडशिपला जागाच नाही" हे बुकिंग लवकर केलं तर सहसा ऐकावं लागत नाही.

मग त्याच जागेचा वरचा आणि खालचा डेक पाहा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा नाइट क्लब असेल तर रात्री ढोल. वर केबिन, खाली केबिन, ही उत्तम जागा. अगदी मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची (प्रोपेलर) थरथर आणि अगदी पुढे बंदरात शिरताना नांगराची साखळी व बो थ्रस्टरचा (जहाजाचं तोंड बाजूला सरकवणारा पंखा) खडखडाट असतो.

आणि "गॅरंटी केबिन" घेऊ नका. ती स्वस्त पडते कारण नंबर कंपनी ठरवते, आणि कंपनीकडे शेवटी उरतात त्या टोकाच्याच. तुमच्या बाबतीत नंबर हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे भरायचे नाहीत.

रावपुरा_१७

पण आजकाल सगळ्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात ना? मग एवढी मोजमापं कशाला?

खारेवारे

स्टॅबिलायझर असतात, पण ते एकाच प्रकारच्या हालचालीवर चालतात. हे पाण्याखाली दोन्ही कुशींतून बाहेर येणारे पंख आहेत, विमानाच्या पंखांसारखेच. जहाज डावीकडे कलायला लागलं की संगणक पंखांचा कोन बदलतो आणि पाण्याचा रेटा जहाजाला सरळ करतो. म्हणजे डावं-उजवं डोलणं थांबतं किंवा खूप कमी होतं. पुढून-मागून होणाऱ्या उसळीवर त्यांचा उपयोग नाही, कारण पंख जहाजाच्या मध्याजवळ असतात आणि तिथून एवढं लांब धूड टोकांना धरून ठेवता येत नाही.

शिवाय पंखावरचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला तर जोर चौथाईवर येतो. जहाज नांगरून उभं असेल तर पंख असून नसल्यासारखे. वादळी हवेत कप्तान वेग कमी करतो तेव्हा उसळी कमी होते, पण डोलणं वाढू शकतं. ताईंना त्रास झाला तो उसळीचा, त्यामुळे माहितीपत्रकात "स्टॅबिलायझरयुक्त" असं छापलेलं असलं तरी त्यांच्या उपयोगाचं नाही.

आणखी एक शब्द फसवतो: टन. दीड लाख टनांचं जहाज म्हटलं की ते पाण्यात घट्ट बसलेलं असेल असं वाटतं. क्रूझच्या जाहिरातीतला टन म्हणजे ग्रॉस टनेज. ते वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं आकारमान आहे. वर चार मजले चढवले की टनेज वाढतं, पाण्याखालचा भाग तेवढाच राहतो. बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांचा पाण्याखालचा भाग ८-९ मीटरच असतो. क्वीन मेरी २ चा १० मीटरांहून जास्त आहे, कारण ते अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधलेलं लाइनर आहे, नुसतं क्रूझ जहाज नव्हे.

तर माहितीपत्रकात टनांपेक्षा लांबी पाहा. उसळीच्या बाबतीत लांबीच कामाची. लाटेची लांबी जहाजाच्या लांबीच्या निम्म्याच्या आत असेल तर एकाच वेळी दोन-तीन लाटा जहाजाखाली असतात आणि एकमेकींचा जोर मारतात. लाट जहाजाएवढी लांब झाली की जहाज तिच्यावर चढायला-उतरायला लागतं. १० सेकंदांची लाट १५६ मीटर, १२ सेकंदांची २२५ मीटर. म्हणजे १२ सेकंदांच्या फुगवट्यावर (दूरच्या वाऱ्याने उठून लांबून आलेल्या संथ लाटांवर) २११ मीटरचं जहाज चढ-उतार करेल, ३३५ मीटरचं पुष्कळ कमी.

मांडवीकर

आता तुमच्या तीन पर्यायांवर, डिसेंबर धरून.

मुंबई-गोवा-लक्षद्वीप: इथे एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसकडे आहे. १९९० ची बांधणी, लांबी २११ मीटर, सुमारे ४८,५०० ग्रॉस टन. डिसेंबर ते फेब्रुवारी हा अरबी समुद्राचा शांत काळ. पावसाळ्यात इथे नैऋत्येचे वारे समुद्र खवळवतात, त्या महिन्यांचा विचारच नको. हिवाळ्यातही कधीकधी इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्याने उठलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. कोकण किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे गोव्याला जाताना या लाटा मागून आणि परतताना समोरून येणार. ताईंच्या ग्रीसच्या सफरीचाच नमुना, फक्त लाटा बऱ्याच लहान. परतीच्या रात्रीची गोळी विसरू नका.

लक्षद्वीपला एक वेगळी अडचण आहे. मोठं जहाज तिथे धक्क्याला लागत नाही. बाहेर नांगरतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून नेतात. मोठ्या जहाजावर न जाणवणारा फुगवटा या चढ-उताराच्या वेळी बोटीला मीटरभर वर-खाली करतो. सासूबाईंना एका पायरीवरून हलत्या बोटीत पाय टाकायचा आहे, हे बुकिंगआधी लक्षात घ्या. समुद्र जास्त असला तर उतरणं रद्द होतं, आणि तो अधिकार कप्तानाचा असतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर धक्क्याला लागणाऱ्या बंदरांचीच सफर निवडा.

सिंगापूर-पेनांग-फुकेत: डिसेंबरसाठी माझं मत याला. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा आणि मलेशियाच्या मधोमध आहे, दोन्हीकडून आडोसा. ईशान्य मोसमी वाऱ्यात फुकेतची बाजूही जमिनीच्या आडोशाला येते. गेंटिंग ड्रीम या जहाजाने जून २०२२ मध्ये सिंगापूरहून फेऱ्या सुरू केल्या. ३३५ मीटर लांब, दीड लाखावर ग्रॉस टन, २०१६ ची बांधणी. मात्र सिंगापूरहून निघणारी प्रत्येक सफर शांत असेल असं समजू नका. जहाज पूर्वेला व्हिएतनामकडे किंवा मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणार असेल तर डिसेंबर-जानेवारीत दक्षिण चिनी समुद्र चांगलाच उसळतो. तिकिटावर जहाजाचं नाव तेच असतं, म्हणून बंदरांची नावं वाचा.

दुबई-दोहा: आखाताची सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास, जवळजवळ चारी बाजूंनी जमीन. लाटांना वाढायला मोकळं पाणी कमी, त्यामुळे शमाल सुटला तरी लाटा आखूड राहतात, आणि आखूड लाटांवर २९०-३०० मीटरचं जहाज फारसं हलत नाही. शमाल दोन-चार दिवसांत ओसरतो.

चेन्नई-श्रीलंका कोणी सुचवलं तर डिसेंबरमध्ये नको. ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ.

सुरसागरकाठ

आधी एखादी छोटी सहल करून पाहावी का? हजिरा-घोघा रो-रो बोट आहे, किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडवा. त्रास होतो का ते कळेल.

खारेवारे

त्यातून चुकीचं उत्तर मिळेल. रो-रोची बोट क्रूझच्या मानाने खूप लहान, आणि खंभातच्या आखातात भरती-ओहोटीची ओढ जबर. तिथला झटका वेगळ्या तालाचा असतो. तिथे त्रास झाला म्हणून ३३५ मीटरवर होईल असं नाही, आणि नाही झाला म्हणूनही हमी नाही. औषधाची गुंगी किती येते एवढं मात्र त्या चार तासांत कळेल.

तीन रात्रींची क्रूझ हीसुद्धा कच्ची परीक्षा आहे. शरीराला समुद्राची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर तुम्ही परत धक्क्यावर. पहिल्या चोवीस तासांत एखादं बंदर येणारी चार-पाच रात्रींची सफर जास्त सुखाची जाते.

औषधपेटी

गोळ्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पहिली चूक वेळेची. मळमळ सुरू झाली की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. तेव्हा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटीत जाते. गोळी जहाज हलायच्या आधी पोटात हवी. मेक्लिझिन २५ ते ५० मिलिग्रॅम एक तास आधी, परिणाम साधारण दिवसभर टिकतो. सिनारिझिन दोन तास आधी. प्रोमेथाझिन म्हणजे आपल्याकडची अव्होमिन, २५ मिलिग्रॅम, चांगली चालते पण झोप फार आणते. म्हणून ती रात्री झोपताना घेतात.

दुसरी चूक औषधाची. घरात उलटीची गोळी म्हणून ऑनडॅनसेट्रॉन असते. ती पोट बिघडल्यावर किंवा केमोथेरपीत उपयोगी, पण बोट लागण्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही. कारण इथे बिघाड पोटात नसतो. कान सांगतो हलतोय, डोळे सांगतात खोली स्थिर आहे, आणि मेंदूचा गोंधळ होतो. त्याच कारणाने केबिनमध्ये मोबाइल वाचत पडणं सगळ्यात वाईट. मधल्या डेकवर उघड्यावर उभं राहून क्षितिजाकडे पाहिलं की डोळे आणि कान एक बोलायला लागतात. ते जमत नसेल तर डोळे मिटून पाठीवर आडवं व्हा, डोकं हलू देऊ नका.

सासूबाईंसाठी: वर लिहिलेल्या गोळ्यांनी वयस्कर माणसांना गुंगी येते, तोल जातो, लघवी अडकू शकते. काचबिंदू असेल, किंवा घरातल्या पुरुषांपैकी कोणाला प्रोस्टेटचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. पार्किन्सनची लक्षणं असतील तर सिनारिझिन नकोच. रक्तदाब किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. मग निघण्याच्या आठवडाभर आधी घरी एक गोळी देऊन किती झोप येते ते पाहून ठेवा. गोळीबरोबर दारू कोणीही घेऊ नये.

खाण्याचं: रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. जहाजात चढायच्या सकाळी शेव-उसळ नको, तर्री पोटात उसळते. खाखरा, कोरडी भाखरी, केळं, आलेपाकाची वडी हे बरं. आल्याने थोडा आराम पडतो, पण गोळीची जागा ते घेत नाही. घरचं शिजवलेलं अन्न जहाजात नेऊ देत नाहीत असे बऱ्याच कंपन्यांचे नियम आहेत, म्हणून खाखरा बंद पाकिटातला घ्या.

रावपुरा_१७

बाल्कनी घ्यावी की आतली केबिन? आतली स्वस्त पडते.

डेक_आठ

हालचालीपुरतं बोलायचं तर आतली केबिन जहाजाच्या मधल्या रेषेजवळ असते, त्यामुळे डावं-उजवं डोलताना ती कमी वर-खाली होते. ३ अंश डोललं तर मधल्या रेषेपासून १५ मीटरवरची बाल्कनी पाऊण मीटर उचलली जाते, ५ मीटरवरची आतली केबिन पाव मीटर. पण आतून क्षितिज दिसत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांना क्षितिज हवं असतं, म्हणून तुमच्यासाठी मधल्या भागातली, मधल्या किंवा खालच्या डेकवरची खिडकीची केबिन. बाल्कनीचे जादा पैसे वाचले तर ते मिडशिपचा नंबर पक्का करायला घाला. उंच डेकचा मोह टाळा. पाण्यापासून जेवढं वर, तेवढा डोलण्याचा झोका मोठा.

मांडवीकर

प्रवासाचंही लिहून ठेवतो. मुंबईहून जहाज असेल तर बॅलार्ड पियरला आदल्या दिवशी पोचा. डिसेंबरात उत्तरेतल्या धुक्याने दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या बडोद्याला तासन्‌तास उशिरा येतात. गुजरातेतूनच सुटणारी गाडी घ्या: वंदे भारत, शताब्दी किंवा गुजरात मेल. जहाजाची चेक-इन खिडकी सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. तिकिटावर चेक-इन बंद होण्याची आणि जहाज सुटण्याची अशा दोन वेळा छापलेल्या असतात, त्यातली आधीची तुमची.

सिंगापूर असेल तर अहमदाबादहून थेट विमान आहे, बडोद्याहून एक्सप्रेसवेने गाडी करून जा. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा, कारण जहाज बाहेर जाऊन परत सिंगापूरलाच येतं आणि ती दुसरी एंट्री धरली जाते. पासपोर्टला सहा महिने शिल्लक असू द्या.

कमाटीबाग (धागालेखिका)

सगळ्यांचे आभार. सिंगापूर-पेनांग-फुकेत नक्की करतो आहोत, आठव्या डेकवर मधल्या लिफ्टजवळच्या दोन खिडकीच्या केबिन धरून ठेवायला सांगितल्या आहेत. सासूबाईंच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवते. शेवटचा प्रश्न: समुद्र कसा असेल हे निघण्याआधी कुठे पाहायचं?

खारेवारे

भारताच्या किनाऱ्यासाठी हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था रोज लाटांचा अंदाज देते. सिंगापूरकडच्या भागासाठी वाऱ्या-लाटांचे नकाशे दाखवणारी कोणतीही चांगली साइट चालेल. चार आकडे पाहा: लाटेची उंची, फुगवट्याची उंची, दोन लाटांमधले सेकंद आणि दिशा. उंची म्हणून जी दाखवतात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे २ मीटर लिहिलं असेल तर मधूनच एखादी ४ मीटरचीही येईल. दिशा म्हणजे लाट कुठून येते ती. तुमच्या मार्गाचा नकाशा शेजारी ठेवा. ज्या रात्री लाट समोरून येते आहे आणि उंची दीड मीटरच्या वर आहे, त्या संध्याकाळी जेवणाआधी गोळी घ्या. बाकीच्या रात्री घेऊ नका, नाहीतर सासूबाई पेनांग झोपेतच पाहतील.

औषधपेटी

आणि परतल्यावर एक-दोन दिवस घरातली फरशी हलल्यासारखी वाटली तर घाबरू नका, ते आपोआप जातं. महिनाभर टिकलं तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.